रीड मोठा की डूम मोठा? कॉमिक्समधल्या जीनियस लोकांच्या डोक्याची तुलना नीट कशी करायची

सगळ्यात हुशार कोण, आयर्नमॅन म्हणजे टोनी स्टार्क, फँटॅस्टिक फोर या चौघांच्या टोळीचा म्होरक्या रीड रिचर्ड्स, बॅटमन की सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर, हा वाद मी रत्नागिरीला मांडवीच्या जेट्टीवर ऐकलाय, चिपळूण स्टँडवर एसटीची वाट बघताना ऐकलाय आणि कुडाळला मामाकडे गणपतीची माटवी बांधताना तर दरवर्षीच ऐकतो, कारण मुंबईची चाकरमानी पोरं आली की पहिला विषय तोच निघतो. आणि दरवेळी गाडी एकाच ठिकाणी अडकते. एक म्हणतो याचा आयक्यू एवढा, दुसरा म्हणतो अरे कंपनीनेच सांगितलंय तो एक नंबर, तिसरा पिक्चरमधला सीन सांगतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचा हिरो हुशार ठरतो. मामेभाऊ सगळं ऐकून शेवटी एकच विचारतो, "अरे पण तुझ्या रीडान केल्यान काय ता सांग मरे."

तोच प्रश्न बरोबर आहे. हुशारी पानावर शोधायची, म्हणजे त्या माणसाच्या हातात तेव्हा काय होतं, बाकीच्यांना दिसलं नाही असं त्याला काय दिसलं, आणि त्याला स्वतःला काय दिसलं नाही. या तीन गोष्टी अंकातून काढता आल्या की तुलना जमते, नाहीतर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. ते कसं काढायचं ते सांगतो.

पहिलं काम, आयक्यू बाजूला ठेवा. ही टेस्ट १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमॉन या दोघांनी बनवली ती शाळेत कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल ते ओळखण्यासाठी. आताच्या मोजणीत सरासरी १०० धरतात आणि १५ गुणांची एक पायरी, त्यामुळे १०० माणसांतली साधारण ६८ माणसं ८५ ते ११५ मध्येच बसतात. १६० म्हणजे साधारण तीस हजारांत एक. आता २०० चा हिशोब याच पद्धतीने लावलात तर सात हजार कोटींहून जास्त माणसांत एक असं उत्तर येतं, आणि पृथ्वीवर माणसं आहेत सगळी मिळून आठशे कोटींच्या आसपास. म्हणजे नेटवर कोणी याला २५० देतो कोणी त्याला २७०, त्या आकड्यांना मापच नाही, तेवढी माणसं तुलनेला मिळणारच नाहीत. शिवाय १४० वाला ७० वाल्याच्या दुप्पट हुशार असंही हे माप कधी म्हणत नाही. तेव्हा वादात कोणी आयक्यू काढला की प्रेमाने सांगा, हा आकडा राहू दे, अंक काढ.

मग ठरवा की कुठला टोनी, कुठला लूथर. हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. १९४० साली आलेला लूथर हा सरळसरळ खलनायक शास्त्रज्ञ होता, १९८६ नंतरचा लूथर आधी बडा उद्योगपती आणि मग बाकी सगळं, या दोघांची डोकी वेगळी कामं करतात. अल्ट्रॉन नावाचा रोबोट कॉमिक्समध्ये हँक पिम या शास्त्रज्ञाने बनवलाय, १९६८ मध्ये, आणि २०१५ च्या पिक्चरमध्ये तोच अल्ट्रॉन टोनी आणि हल्कवाल्या ब्रूस बॅनरच्या नावावर गेला. म्हणजे पिक्चर बघून बोलणारा पोरगा पिमचं श्रेय (आणि पिमचं पाप पण) टोनीला देतोय आणि त्याला ते माहीतसुद्धा नाही! स्पायडरमॅनचंही तसंच, १९६२ च्या मूळ गोष्टीत पीटरने जाळं फेकायचं यंत्र आणि ते रसायन घरात बसून स्वतः बनवलं, २००२ च्या पिक्चरमध्ये ते जाळं त्याच्या मनगटातून आपोआप निघतं. ज्याने फक्त तो पिक्चर पाहिलाय त्याच्या लेखी पीटर हा केमिस्ट नाहीच. म्हणून आधी बोलून घ्या, कॉमिक्स की पिक्चर, आणि कॉमिक्स असेल तर कुठल्या काळातलं.

मूळ नोंद बघायची सवय किती कामाची ते आपल्या विजयदुर्गावर कळतं. तिथे किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवतात आणि हेलियमचा शोध लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच लावला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण इकडून दिसलं हे खरं, पण नोंदी काढल्या तर जॅन्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ त्या दिवशी गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेष ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना पाहिली. ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, काहीतरी नवीन आहे, हे लॉकियरने लावून धरलं. आणि हेलियम पृथ्वीवर पहिल्यांदा वेगळा काढला तो रॅमझीने, १८९५ मध्ये. विजयदुर्ग त्यामुळे लहान होत नाही, किल्ला आहे तिथेच आहे, पण शोध कोणाचा म्हटलं तर आता तीन माणसं समोर आली आणि तिघांचं काम वेगळं. एकाने दुर्बीण नेऊन नीट बघितलं, एकाने दिसलेल्याचा अर्थ लावला, एकाने वस्तू हातात आणली.

कॉमिक्समध्ये पण हेच करायचं, कामाचे प्रकार पाडायचे. मी तीन पाडतो. एक शोधणारा, म्हणजे आजवर कोणालाच ठाऊक नसलेला नियम किंवा जागा ज्याला सापडते, रीड रिचर्ड्स हा त्यातला सगळ्यात मोठा, निगेटिव्ह झोन घ्या, दुसरी विश्वं घ्या, तो जातोच तिकडे. दुसरा बनवणारा, ज्याच्या हातातून चालती वस्तू निघते आणि ती दरवेळी आधीपेक्षा सुधारत जाते, इथे टोनी. तिसरा डाव आखणारा, समोरचा माणूस काय करेल ते आधी ओळखून ठेवणारा, बॅटमन, ब्लॅक पँथर म्हणजे वाकांडा देशाचा राजा टी'चाला, वॉचमेन या कॉमिक्समधला ओझिमँडियस. एकच माणूस दोन खात्यांत असू शकतो. रीडचा कट्टर शत्रू व्हिक्टर व्हॉन डूम तर तिन्हीत आहे आणि वर जादू पण शिकलेला आहे, म्हणून त्याला मोजताना सगळ्यात जास्त घाम फुटतो.

तुलना आधी खात्याच्या आत करा. बॅनर अणुवाला, हँक मॅककॉय म्हणजे बीस्ट हा जीवशास्त्र आणि जनुकांचा, रे पामर फिजिक्सवाला, ऑटो ऑक्टेव्हियस रेडिएशन आणि यांत्रिक हातांचा. बीस्ट विरुद्ध पामर अशी जोडी लावून काय मिळणार, दोघांना एकमेकांचा पेपरच सोडवता येणार नाही. पिम आणि टोनी अशी जोडी लावा, विषय विचार करणारं यंत्र, मग बघा कशी चर्चा रंगते.

आता नंबरांचं. डीसी या कंपनीच्या कॉमिक्समधला मिस्टर टेरिफिक, मायकल होल्ट, हा जगातला तिसरा हुशार माणूस म्हणून ओळखला जातो, १४ पीएचडी आहेत त्याच्याकडे. मार्व्हल या दुसऱ्या कंपनीचा अमाडेयस चो आला तेव्हा तो जगातला सातवा होता. मग मार्व्हलमध्ये लुनेला लाफायेट आली, नऊ वर्षांची शाळकरी मुलगी, आणि बॅनरने बनवून ठेवलेली एक कोड्याची पेटी तिने सोडवली आणि तिला थेट पहिला नंबर मिळाला. मला लुनेला फार आवडते, नऊ वर्षांची पोर वर्गात बसून कंटाळते आणि घरी भंगारातून यंत्रं जोडते हे वाचताना बरं वाटतं, आणि आपल्याकडच्या मुलींच्या हातात ते अंक गेलेच पाहिजेत. पण पेटी बॅनरची होती. म्हणजे बॅनरला जे अवघड वाटतं ते तिने सोडवलं. त्या पेटीत डाव आखण्याची परीक्षा होती का, माणूस ओळखण्याची होती का, हे विचारायला हवं. एका परीक्षेतला पहिला नंबर हा त्या परीक्षेतला पहिला नंबर असतो.

याला आपल्याच मातीतला दाखला आहे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, आजही रँग्लर परांजपे म्हटलं की कोकणात मान ताठ होते आणि व्हायलाच हवी, त्या काळात मुर्डीहून केंब्रिज म्हणजे काय पल्ला आहे विचार करा. आता त्याच परीक्षेची जुनी यादी बघा. विजेचे आणि चुंबकाचे नियम एकत्र बांधणारा मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरा आला होता, पहिला होता राउथ. केल्विन १८४५ मध्ये दुसरा. इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन १८८० मध्ये दुसरा. म्हणजे ती परीक्षा एक गोष्ट चोख मोजत होती, ठरलेल्या वेळात अवघड गणितं सोडवण्याची ताकद, आणि नवीन काय सापडेल ते तिच्या हिशोबात नव्हतंच. १९०९ नंतर केंब्रिजने त्या यादीत नंबर लावणंच बंद केलं. तेव्हा कॉमिक्समध्ये कोणी तिसरा, सातवा, पहिला असं आलं की वहीत लिहून ठेवा, पण शेजारी हेही लिहा की नंबर दिला कोणी, कशावरून दिला. पात्राने स्वतःबद्दल सांगितलं असेल तर वजन कमी. लूथर स्वतःबद्दल जे बोलतो ते तर सोडूनच द्या. शत्रूने मान्य केलं असेल तर वजन जास्त, डूमच्या तोंडून रीडचं कौतुक निघालं तर ते सोन्याच्या भावाने घ्यावं.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी हीच गाळतात. हातात काय होतं? मिरकरवाड्याला ऐन सीझनमध्ये बोटीचं इंजिन बसलं, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग गेलं आणि तांडेल डोक्याला हात लावून बसला की आमच्याकडचे मेकॅनिक जुनी ट्यूब कापून पॅकिंग करतात आणि बोट रात्रीच्या आत पाण्यात जाते. ते इंजिन मुळात डिझाइन केलं ते कुठल्यातरी कारखान्यातल्या इंजिनियरने, चांगल्या प्रकाशात, कॉम्प्युटर आणि टेस्टिंगची सोय असताना. दोघांची डोकी चालली, पण एकाला सगळं मिळालं होतं आणि एकाला वेळ पण नव्हता. तुलना करताना हा फरक लिहायचाच.

टोनीची १९६३ ची पहिली गोष्ट याच नजरेने वाचा. व्हिएतनाममध्ये पकडला गेलाय, छातीत हृदयाजवळ लोखंडाचे तुकडे, शत्रू म्हणतोय शस्त्र बनवून दे, आणि त्याच तळावर जे सामान मिळतं त्यातून तो छातीवर बसणारं यंत्र आणि पहिलं चिलखत बनवतो, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे सगळं ट्रान्झिस्टरवर चालणारं. जबरदस्त काम आहे. पण त्याच पानांवर प्रोफेसर यिन्सेन आहे, जुना नावाजलेला शास्त्रज्ञ, तोही कैदी, तो बरोबरीने काम करतो आणि चिलखत चार्ज व्हायला वेळ मिळावा म्हणून स्वतः पहारेकऱ्यांसमोर धावत जातो आणि मरतो. टोनीने एकट्याने गुहेत बनवलं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला यिन्सेनचं नाव ऐकवा. हे श्रेय वाटण्याचं काम तुलनेत आलंच पाहिजे, कारण कॉमिक्समध्ये मदतनीस पटकन विसरले जातात.

आणि मग पीटर पार्कर. शाळेतला पोरगा, काका-काकूंचं बेताचं घर, प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, आणि त्याने असं रसायन काढलं जे नळीतून निघताना पातळ, हवेत आल्यावर घट्ट, माणसाचं वजन पेलेल इतकं मजबूत आणि साधारण तासाभराने आपोआप विरघळून जाणारं. नुसतं चिकट काहीतरी बनवणं वेगळं, हे सगळे गुण एकाच द्रवात आणणं वेगळं. पुढे पैशाची चणचण पडल्यावर तो ते गोंद बनवणाऱ्या कंपनीला विकायला जातो आणि ते म्हणतात तासाने विरघळणारा गोंद आम्हाला काय कामाचा. मला तो प्रसंग वाचून फार वाईट वाटतं, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला आपल्या हातात काय आलंय ते कळलंच नाही. कुठून सुरुवात केली आणि कुठवर पोचला हे अंतर मोजलं तर माझ्या मते पीटर हा या सगळ्यांमध्ये सर्वात कमी लेखला गेलेला शास्त्रज्ञ आहे. उलट बाजूला टी'चाला आणि त्याची बहीण शुरी यांच्यामागे अख्खं वाकांडा आहे, व्हायब्रेनियम हा दुर्मीळ धातू आहे, पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान आहे. ब्रेनिअ‍ॅक फाइव्ह तर हजार वर्षं पुढच्या काळातला, त्याच्या काळात शाळेत शिकवत असतील ते इकडे आपल्याला चमत्कार वाटणार. त्यांची हुशारी कमी आहे असं नाही, पण त्यांच्या काळात आणि त्यांच्या देशात बाकीचे किती पुढे होते ते बघून मग बोलायचं.

आता चुका. हुशार माणसाची चूक त्याच्या यशापेक्षा जास्त सांगते आणि यासाठी रीड आणि डूम ही जोडी सोन्यासारखी आहे. फँटॅस्टिक फोरच्या १९६४ च्या वार्षिक अंकात डूमची जन्मकथा आहे ती मिळवाच. दोघं एकाच युनिव्हर्सिटीत. डूम खोलीत बसून परलोकापर्यंत पोचायचं यंत्र जुळवतोय, विज्ञान आणि जादू एकत्र करून. रीड आत येतो, टेबलावरच्या कागदांवर नजर टाकतो आणि सांगतो की तुझ्या समीकरणात काही दशांशांची चूक आहे, परत तपास. डूम त्याला हाकलतो. यंत्र फुटतं, चेहरा जातो, युनिव्हर्सिटीतून काढून टाकतात, आणि डूम जन्मभर दोष देतो तो रीडला.

सरसकट सगळे इथे थांबतात, रीडला चूक दिसली म्हणजे रीड हुशार, संपलं. जरा थांबून परत बघा. रीडने चूक पकडली ती गणितातली, आणि नुसत्या ओझरत्या नजरेत पकडली, ही मोठीच गोष्ट. पण ते यंत्र बांधायची कल्पना रीडच्या डोक्यात आली नव्हती. विज्ञान आणि जादू यांचा सांधा जोडून बघावा हे सुचलं डूमला, आणि दशांश सोडले तर तो जवळपास पोचला होता. म्हणजे कल्पनेत डूम पुढे आणि तपासणीत रीड. डूमला खाली ओढतो तो त्याचा हट्ट, दुसऱ्याने दाखवलेली चूक मान्यच करायची नाही. हट्ट हा हुशारीच्या हिशोबात धरायचा का, यावर आमच्याकडे तासन्‌तास वाद झालेत. मी धरतो. स्वतःचं काम तपासून घेता येणं हा शास्त्रज्ञाच्या बुद्धीचा भाग आहे, तो वगळला तर नुसता वेग उरतो.

आणि आता त्याच मापाने रीडला मोजा, नाहीतर तो पक्षपात होईल. फँटॅस्टिक फोरच्या १९६१ च्या पहिल्याच अंकात रॉकेट उडवायच्या आधी चौघांतला बेन ग्रिम, पायलट, विज्ञानाचा माणूस नाही, तो सांगतोय की कॉस्मिक किरणांचा नीट अभ्यास झालेला नाही, आपण मरू. तरीही जातात. यानाचं कवच पुरत नाही आणि चौघांची शरीरं बदलतात, त्यात सगळ्यात मोठी किंमत बेनच मोजतो, ज्याने आधी सांगितलं होतं. एका गोष्टीत रीड चूक दाखवणारा आहे आणि एका गोष्टीत दाखवलेली चूक न ऐकणारा. ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली की रीड आणि डूम वाटतात त्यापेक्षा बरेच जवळ येतात. फरक पडतो तो नंतर, रीड ती चूक आपली म्हणून मान्य करतो आणि बेनला बरं करायला पुन्हा पुन्हा प्रयोग करतो, डूम मुखवटा चढवतो.

चुकांचे पण प्रकार पाडा. डूमची चूक गणिताची. पिमची चूक वेगळी, त्याने अल्ट्रॉनला विचार करायला शिकवलं आणि तो विचार कुठे जाईल ते पाहिलं नाही, यंत्र तर उत्तम चाललं, तेच तर दुःख आहे. बॅनरची गॅमा बॉम्बची गोष्ट बघा, १९६२. तिथे त्याचं शास्त्र बरोबर होतं, मैदानात रिक जोन्स नावाचा पोरगा दिसला म्हणून तो त्याला वाचवायला धावला आणि काउंटडाउन थांबव असं ज्याला सांगितलं तो सहकारी हेर निघाला. बॅनर चुकला तो माणूस ओळखण्यात. आणि २००६ च्या सिव्हिल वॉर या मार्व्हलच्या मालिकेत रीड, टोनी आणि पिम यांच्या हातून थॉरचा जो क्लोन बनला त्याने बिल फॉस्टर या हिरोला मारलं, तिथे तीन तीन जीनियस एका खोलीत होते आणि हे करावं का हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. असे प्रसंग वहीत वेगळ्या रंगाने लिहा, मी तरी लिहितो.

अजून एक गोष्ट, लेखकाची. पात्राला एका मिनिटात सुचतं ते लेखकाने महिनाभर बसून सुचवलेलं असतं, त्यामुळे नुसता वेग बघून भुलू नका. बघायचं ते एवढंच की उत्तराचे धागे आपल्याला आधी दाखवले होते का. दाखवले असतील आणि आपल्या लक्षात आले नसतील तर ते हुशारीचं पान. अचानक पट्ट्यातून काहीतरी यंत्र निघालं आणि काम झालं तर ते सोयीचं पान, त्याला अर्धेच गुण. बॅटमनच्या बाबतीत हे फार कडक लावावं लागतं, कारण त्याला तयारीला वेळ मिळाला की तो काहीही करू शकतो असं लोक सरसकट गृहीत धरतात. तयारी दाखवली असेल तर मान्य. या बाबतीत आपला सुपर कमांडो ध्रुव मला फार आवडतो, १९८७ पासूनचा, अनुपम सिन्हांचा. कसलीही सुपरपॉवर नाही, सर्कशीत वाढलेला, आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून शाळेतलं फिजिक्स-केमिस्ट्री वापरून सुटतो, कसं सुटला ते पानावर समजावलेलं असतं. वाचणारा आठवीतला पोरगा ते आपल्या पुस्तकाशी ताडून बघू शकतो. चाचा चौधरीला लोक यादीत धरतच नाहीत, डोकं कॉम्प्युटरपेक्षा जलद हे त्याचं बिरुद तेवढं पाठ असतं. पानावर बघाल तर चाचाजी कसलंही यंत्र बनवत नाहीत, समोरच्या माणसाच्या बोलण्यातली आणि वागण्यातली विसंगती पकडतात. डाव ओळखणाऱ्यांच्या खात्यात त्यांना बसवा, टी'चालाच्या शेजारी, आणि मग बघा.

वही कशी करायची ते थोडक्यात. एका प्रसंगाला एक पान. अंक आणि साल, प्रश्न काय होता, हातात काय होतं, मदत कोणाची, काय दिसलं, काय निसटलं, धागे आधी दाखवले होते का. गुणांची बेरीज करू नका, बेरीज केली की परत आयक्यूसारखा एक आकडा तयार होतो आणि सगळी मेहनत त्यात बुडते. दोन पानं शेजारी ठेवा आणि बोला. गटात बसणार असाल तर एका बैठकीला एकच जोडी, आणि बोलायचं असेल त्याने अंक आणायचाच, मोबाइलवर असला तरी चालेल. इकडे दुकानात जुने अंक मिळत नाहीत, तेव्हा गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांना आधीच यादी पाठवून ठेवा, मुंबईत जुन्या पुस्तकवाल्यांकडे बरंच काही निघतं.

पहिली जोडी कुठली घ्यावी म्हणाल तर रीड आणि टी'चाला. १९६६ चे फँटॅस्टिक फोरचे ५२ आणि ५३ नंबरचे अंक. टी'चाला चौघांना वाकांडाला पाहुणे म्हणून बोलावतो आणि आल्या आल्या त्यांची शिकार सुरू करतो. प्रत्येकाची ताकद आणि कमजोरी आधीच अभ्यासलेली आहे, प्रत्येकासाठी वेगळा सापळा आहे आणि सापळे चालतात, जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ म्हणवणारा रीड त्यात सापडतो. मग डाव फसतो कशाने? तर त्यांच्याबरोबर वायट विंगफुट नावाचा कॉलेजातला दोस्त आलाय, त्याच्याकडे कसलीच पॉवर नाही, म्हणून टी'चालाच्या हिशोबात तो धरलेलाच नाही, आणि तोच बाकीच्यांना सोडवतो. वाचताना एक कागद घेऊन दोन खाती करा, टी'चालाला रीडबद्दल काय काय आधी माहीत होतं आणि रीडला टी'चालाबद्दल काय माहीत होतं. दुसरं खातं जवळजवळ रिकामं राहील. रीड इथे हरला तो डोक्याने हरला की माहितीने, यावर तुमच्या गटात दोन तट पडतील, तेव्हा दोन्ही तटांना आपापली पानं दाखवायला लावा आणि विंगफुटचं नाव कोणत्या खात्यात लिहायचं ते आधी ठरवून घ्या.